गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी ट्यूबलाइट: किती, कोणत्या आणि नेमक्या कुठे

गॅरेजच्या छताला बहुधा मधोमध एकच दिवा असतो. गाडी आत घ्यायला, चाकातली हवा बघायला तो पुरतो. पण भिंतीशी बेंच टाकला, फळीवर पेन्सिलची रेघ मारली आणि करवत हातात घेतली की घोटाळा लक्षात येतो. दिवा पाठीमागे, आपण मध्ये आणि रेघ नेमकी आपल्याच सावलीत. मग माणूस त्याच जागी जास्त वॅटचा दिवा लावतो. खोली झगझगीत होते, पण रेघ होती तिथेच, सावलीतच राहते.

म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी ती कुठे लागणार हे ठरवायचं. किती घ्यायच्या हे त्यानंतर, आणि कोणत्या कंपनीच्या हे सगळ्यात शेवटी.

ट्यूबच का

पहिलं कारण म्हणजे ट्यूब लांब असते. बल्बचा उजेड एका ठिपक्यातून येतो, त्यामुळे त्याची सावली कापल्यासारखी काळी पडते. चार फुटी ट्यूबचा उजेड तिच्या पूर्ण लांबीतून येतो. हात मध्ये आला तर ट्यूबचा एक तुकडा झाकला जातो, बाकीचा भाग सावली धुऊन टाकतो.

याचा एक बारकावा आहे आणि तो पुढे कामाला येतो. पेटलेल्या ट्यूबखाली पांढरा कागद ठेवा आणि त्यावर बोटभर उंचीवर पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल ट्यूबला समांतर असेल तर सावली ठळक दिसते. तीच पेन्सिल काटकोनात फिरवली की सावली विरघळल्यासारखी फिकी होते. आता बेंचवरचं काम आठवा. फळी आडवी कापताना करवतीचं पातं आपल्यापासून भिंतीकडे, म्हणजे बेंचच्या लांबीला काटकोनात चालतं. ट्यूब बेंचच्या लांबीने लावली असेल तर पात्याची सावली फिकी पडते आणि रेघ दिसत राहते. तीच ट्यूब बेंचला आडवी लावली तर पात्याच्या एका बाजूला काळी पट्टी उमटते. त्यामुळे बेंचवरची ट्यूब बेंचच्या लांबीनेच लावायची, मग छताच्या तुळया कुठल्याही दिशेने असोत.

दुसरं कारण पैशाचं. 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब साधारण 1,300 ल्युमेन उजेड देतो. चांगली 36 वॅटची ट्यूब साधारण 3,350 देते. वीज तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि उजेड अडीच पट.

किती ट्यूब लागतील

ल्युमेन म्हणजे ट्यूबमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. लक्स म्हणजे त्यातला किती उजेड कामाच्या जागेवर पडतो ते, दर चौरस मीटरला. नुसतं वावरायला, सामान काढायला-ठेवायला 100 ते 150 लक्स पुरतात. साध्या सुतारकामाला, गाडीच्या दुरुस्तीला 300. यंत्रावर कापायचं, खुणा करायच्या, मोजमापं घ्यायची तर 500. स्टीलपट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा मान न वाकवता वाचायच्या असतील किंवा बारीक सोल्डरिंग करायचं असेल तर 750 ते 1,000. हे शेवटचे आकडे सगळ्या खोलीसाठी नाहीत, फक्त बेंचच्या एका तुकड्यासाठी आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांनी सगळीकडे एक पायरी वरची धरावी. वयाबरोबर डोळ्यात शिरणारा उजेड खरोखरच कमी होतो, चष्म्याने तो वाढत नाही.

ट्यूबमधला सगळा उजेड बेंचवर पोचत नाही. काही छतात, काही भिंतीत मुरतो. पांढरं छत आणि फिकट भिंती असतील तर साधारण 55 टक्के हाती लागतो. शिवाय ट्यूब जुनी होते, तिच्यावर धूळ बसते, म्हणून त्यातला आणखी पाचवा हिस्सा सोडून द्यायचा. हिशेब असा:

ट्यूबची संख्या = (क्षेत्रफळ × हवे असलेले लक्स) ÷ (एका ट्यूबचे ल्युमेन × 0.55 × 0.8)

6 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद गॅरेज म्हणजे 18 चौरस मीटर. 500 लक्ससाठी 9,000 ल्युमेन कामाच्या पातळीवर पडायला हवेत. 3,350 ल्युमेनची एक ट्यूब प्रत्यक्षात 1,474 पोचवते. भागाकार येतो 6.1, म्हणजे सहा ट्यूब. 300 लक्सवर भागत असेल तर चार.

आता तेच गॅरेज उघड्या सिमेंटचं, करड्या भिंतींचं धरा. 55 च्या जागी 40 टक्के घाला. उत्तर 8.4 येतं, म्हणजे नऊ ट्यूब. तीन जादा ट्यूब, दोन जादा पट्ट्या (ट्यूब ज्यात बसते ती पत्र्याची चौकट, इथे दोन ट्यूबची) आणि त्यांचं दर महिन्याचं बिल, हे सगळं निव्वळ रंग न दिल्यामुळे. म्हणून पट्ट्या आणण्याआधी छताला आणि भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाला पांढरा रंग मारून घ्या. रंग मॅट घ्या. तुळतुळीत रंगात ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं आणि ते डोळ्यांना टोचतं. छत उघड्या पत्र्याचं असेल आणि रंग टिकत नसेल, तर पांढऱ्या प्लायची फळी पट्टीच्या मागे लावली तरी बराच फरक पडतो.

ट्यूबवरचे आकडे

टी-12, टी-8, टी-5 हे जाडीचे आकडे आहेत, इंचाच्या आठव्या भागात मोजलेले. टी-12 म्हणजे दीड इंची, 38 मिलिमीटरची जाड जुनी ट्यूब. टी-8 एक इंची, 26 मिलिमीटर. टी-5 बारीक, 16 मिलिमीटर. गॅरेजसाठी टी-8 घ्या, चार फुटी. ती सगळीकडे मिळते, तिच्या पट्ट्या सगळ्यात स्वस्त पडतात आणि 25 अंश तापमानाच्या आसपास ती सर्वात जास्त उजेड देते. टी-5 चांगली असली तरी तिचा सर्वोत्तम उजेड 35 अंशांना मिळतो. थंड गॅरेजमध्ये ती मंदावते, आणि बारीक नळीतून तेवढाच उजेड येत असल्याने उघडी लावली तर डोळे दिपवते. दोन फुटी ट्यूब कोपऱ्यापुरत्या ठीक. त्यांत एका वॅटमागे उजेड कमी आणि एका ल्युमेनमागे पैसे जास्त.

ट्यूबच्या टोकाशी 840, 865, 765 असा तीन आकडी अंक छापलेला असतो. दुकानात वाचायचं ते हेच. पहिला आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगतो. 8 म्हणजे शंभरपैकी 80 च्या वर, 9 म्हणजे 90 च्या वर, 7 म्हणजे सत्तरीत. पुढचे दोन आकडे उजेडाची छटा सांगतात. 30 म्हणजे 3,000 केल्व्हिन, पिवळसर. 40 म्हणजे 4,000, धड पिवळा नाही, धड निळा नाही. 65 म्हणजे 6,500, निळसर पांढरा.

7 ने सुरू होणारी ट्यूब स्वस्त असते आणि लोक फसतात ते इथे. वॅट तेच, 36. पण तिचा उजेड साधारण 2,500 ल्युमेन, आणि वापरासोबत तो झपाट्याने उतरतो. वरच्या हिशेबात 2,500 घालून पाहा, सहाच्या जागी आठाच्या वर ट्यूब लागतात. म्हणजे दोन-अडीच ट्यूब आणि एक पट्टी जास्त घेऊन जन्मभर जादा वीज भरायची. 8 ची ट्यूब घ्या, यात दोन मतं नकोत.

छटेच्या बाबतीत मात्र मतभेदाला जागा आहे. आमचं झुकतं माप 840 ला आहे. तासन्‌तास काम करायला ती बरी वाटते आणि लाकडाचा रंग तिच्यात मेलेला दिसत नाही. धातूकाम, यंत्रकाम यांना 865 चालते, आणि काहींना तिच्यात कडा जास्त स्पष्ट दिसतात. दोन छटा एकाच ओळीत मिसळू नका. पॉलिश, स्टेन किंवा गाडीच्या रंगाची मिळवणी करणार असाल तर बेंचवरच्या पट्टीत 9 ने सुरू होणारी ट्यूब घाला. तिचा उजेड थोडा कमी असतो, म्हणून बाकी खोलीला तिची गरज नाही.

चोक: इथे पैसे वाचवू नका

चोक म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणारा भाग. जुन्या पद्धतीच्या पट्टीत तांब्याच्या वेटोळ्याचा जड चोक आणि ट्यूब पेटवून देणारा वेगळा स्टार्टर असतो. नव्या पट्टीत इलेक्ट्रॉनिक चोक असतो, स्टार्टर नसतो. विजेतला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. साध्या चोकवर 36 ची ट्यूब एकूण 45-46 वॅट खाते, इलेक्ट्रॉनिकवर साधारण 36. सहा ट्यूब, रोज दोन तास, वर्षातले 300 दिवस धरले तर साधारण 130 युनिट विरुद्ध 165. वर्षाला 35 युनिटांसाठी चालू पट्ट्या काढून फेकण्यात अर्थ नाही.

खरं कारण फिरत्या यंत्रांचं आहे. साध्या चोकवरची ट्यूब विजेच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावते. 50 हर्ट्‌झवर सेकंदाला 100 वेळा, 60 वर 120 वेळा. डोळ्याला एरवी हे कळत नाही, पण फिरणाऱ्या वस्तूवर कळतं, आणि चुकीचं कळतं. लेथचा चार जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग, मिनिटाला 1,500 फेरे फिरतोय असं समजा. म्हणजे सेकंदाला 25 फेरे, आणि चार जबडे असल्यामुळे सेकंदाला 100 वेळा एक जबडा दुसऱ्याच्या जागी येतो. ट्यूबही 100 वेळाच उजळते. परिणामी चक थांबल्यासारखा दिसतो. मोटर भाराखाली किंचित मागे पडली, 1,450 झाली, तर चक अगदी सावकाश उलटा फिरताना दिसतो. यंत्राच्या आवाजाची सवय झालेला माणूस तिकडे हात नेतो. गोल करवत, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना हेच लागू.

इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबला सेकंदाला 20,000 पेक्षा जास्त वेळा वीज देतो, त्यामुळे हा भ्रम राहत नाही. घरात जुन्या पट्ट्या असतील आणि त्याच वापरायच्या असतील तर त्या सामानाच्या कपाटांवर, गाडीच्या बाजूला लावा. यंत्रावर इलेक्ट्रॉनिक चोकचीच पट्टी हवी.

इलेक्ट्रॉनिक चोकमध्येही दोन जाती आहेत. एक ट्यूबला थेट झटका देऊन पेटवतो. बटण दाबताच उजेड पडतो, पण प्रत्येक वेळी ट्यूबच्या टोकांची झीज होते. दुसरा आधी टोकं गरम करतो आणि मग पेटवतो, क्षणभर थांबावं लागतं. गॅरेजमधला दिवा दिवसातून दहा वेळा लागतो-विझतो, म्हणून दुसरा घ्यावा. चोकवर वॉर्म स्टार्ट किंवा प्रोग्राम्ड स्टार्ट असं लिहिलेलं असतं.

स्वस्तातल्या तयार पट्टीत आणखी एक युक्ती केलेली असते. चोक मुद्दाम कमी ताकदीचा बसवतात. खोक्यावर "36 वॅटच्या दोन ट्यूबसाठी" लिहिलेलं असतं, पण चोकवरचं बारीक लेबल वाचलं तर तो विजेवरून 50 वॅटच घेतो. म्हणजे ट्यूब अर्धपोटी चालतात आणि खोक्यावरचा उजेड कधीच मिळत नाही. दोन ट्यूबच्या पट्टीचा चोक 70 वॅटच्या आसपास घेत असेल तर तो पूर्ण उजेड देतो. दुकानात पट्टी उघडून हे लेबल बघायला लाजू नका.

बघतच आहात तर होल्डरही हलवून पाहा. ट्यूब फिरवून बसवल्यावर ती घट्ट बसली पाहिजे आणि होल्डर पत्र्यात डुगडुगता कामा नये. गॅरेजच्या दाराच्या धक्क्यांनी सैल होल्डर सुटतो आणि ट्यूब डोक्यावर येते. पत्र्याला अर्थिंगचा स्क्रू असायलाच हवा. तो शॉकपासून वाचवतो हे खरंच, पण काही इलेक्ट्रॉनिक चोकवर ट्यूब नीट पेटायलाही जवळ अर्थ केलेला पत्रा लागतो.

कुठे लावायच्या

बेंचपासून सुरुवात करा. बेंच भिंतीला टेकलेला आणि 60 सेंटिमीटर खोल असेल तर ट्यूबची ओळ भिंतीपासून 45 ते 60 सेंटिमीटरवर हवी, म्हणजे बेंचच्या पुढच्या कडेच्या वर किंवा किंचित आत. तिथे उभं राहिल्यावर ट्यूब कपाळाच्या पुढे येते, डोक्याच्या मागे जात नाही. एवढं एक केलं तरी जुनी सावलीची तक्रार बरीचशी मिटते. बेंच सहा फुटांपेक्षा लांब असेल तर चार फुटी दोन पट्ट्या एकापुढे एक. वाइस बसवलेल्या टोकाला जरा जास्त उजेड लागतो, तर ओळ त्या टोकाकडे सरकवा.

छत 2.4 मीटरवर आणि बेंच 0.9 मीटरवर असेल तर मध्ये दीड मीटर राहतात. हे अंतर चांगलं आहे, पट्टी थेट छताला लावा. छत तीन-साडेतीन मीटरवर असेल तर साखळीने पट्टी खाली आणा, पण दोन मीटरच्या खाली नको. उभी फळी फिरवताना ती ट्यूबला लागतेच लागते.

दोन ओळींमधलं अंतर कामाच्या पातळीपासून ट्यूबच्या उंचीच्या दीड पटीपेक्षा जास्त नसावं. वरच्या उदाहरणात सव्वादोन मीटर. वरच्या 6 × 3 मीटरच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन ट्यूबच्या तीन पट्ट्या अशा लावू: दोन बेंचच्या ओळीत, एकापुढे एक, आणि तिसरी समोरच्या लांब भिंतीकडे, तिच्यापासून साधारण 70 सेंटिमीटरवर. दोन्ही ओळी समांतर. फळी लांबीने चिरताना पातं ट्यूबला समांतर चालतं आणि सावली ठळक पडते असं वर म्हटलं, तिथे ही दुसरी ओळ उपयोगी पडते. एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड खाऊन टाकतो.

गाडी आतच उभी राहत असेल तर मधोमध पट्टी लावणं म्हणजे गाडीच्या टपाला उजेड देणं. दार उघडून वाकलात की सगळा भाग अंधारात. पट्ट्या गाडीच्या दोन्ही अंगांना, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या जागेवर हव्यात. बॉनेट उघडल्यावर ते वरच्या उजेडाला छत्रीसारखं अडवतं, म्हणून इंजिनसाठी समोरच्या भिंतीवर, छातीच्या थोडं वर एक पट्टी आडवी लावली तर तिचा उपयोग छतावरच्या दोन पट्ट्यांपेक्षा जास्त होतो. तिच्यावर जाळी किंवा झाकण मात्र पाहिजे.

आणि एक अगदी गॅरेजचीच गंमत. वर सरकून छताखाली आडवं होणारं दार असेल तर ते पूर्ण उघडा आणि मगच खुणा करा. दार बंद असताना रिकामं दिसणारं निम्मं छत, दार उघडलं की झाकलं जातं. तिथे लावलेल्या ट्यूब भर दुपारी दार उघडून काम करताना ठीक, पण रात्री दार उघडं ठेवलं की दाराच्या पाठीवर उजेड पाडत बसतात. त्या भागात पट्ट्या बाजूच्या भिंतीवर, छताला टेकून, तिरप्या बसवा.

जागा पक्की करण्याआधी पट्टीला तात्पुरती वायर आणि पिन जोडा, कुणाला तरी शिडीवर धरायला सांगा, आणि बेंचशी नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा. रेघ मारा, करवत धरा, ड्रिल टेकवा. दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे केल्याने केवढा फरक पडतो ते दिसेल. फोनवरचं लक्स मोजायचं अॅप आकडा खरा देईलच असं नाही, पण बेंचचं डावं टोक आणि उजवं टोक यांची तुलना करायला चालतं.

एका कामाला यातली कुठलीच मांडणी पुरत नाही. पॉलिशपेपरने घासलेल्या लाकडावरचे ओरखडे ट्यूबच्या मऊ उजेडात लपतात आणि पॉलिश चढल्यावर दात काढतात. त्यासाठी हातातला दिवा फळीला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा.

उघडी पट्टी की झाकलेली

उघडी पट्टी सर्वात स्वस्त आणि सर्वात उजळ. पांढऱ्या छताखाली तीच घ्या. छत काळपट किंवा उंच असेल तर पांढऱ्या पत्र्याचा रिफ्लेक्टर असलेली घ्या, वर वाया जाणारा उजेड खाली येतो. झाकणाची, धूळ-पाणी न शिरणारी पट्टी 10-20 टक्के उजेड खाते आणि महाग असते. तरी लाकडाचा भुसा खूप उडत असेल, गॅरेज ओलसर असेल किंवा खूप थंड असेल तर तीच बरी. 10 अंशांच्या खाली उघडी ट्यूब मंद आणि गुलाबीसर जळते. झाकणाच्या आत तिची स्वतःची ऊब टिकते.

लांब लाकडं, पाइप फिरवायचे असतील तर उघड्या ट्यूबवर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी चढवा. ट्यूब फुटली तरी काचा आतच राहतात.

पेट्रोल, थिनर यांच्या वाफा साठतील असं काम, म्हणजे स्प्रे पेंटिंग, साध्या पट्टीखाली करू नका. स्टार्टरमध्ये आणि बटणात ठिणगी पडते. झाकणाची पट्टी पाण्याला अडवते, वाफेला अडवतेच असं नाही.

बसवताना

मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. टेस्टर आधी चालू जागी लावून तो चालतोय ना ते बघा.

दिव्यांची लाइन यंत्रांच्या लाइनपासून वेगळी, वेगळ्या एमसीबीवर घ्या. करवत अडकली आणि एमसीबी पडला तर फिरतं पातं थांबेपर्यंत काळोखात उभं राहायची पाळी येऊ नये. सहा ट्यूबचा भार जेमतेम 220 वॅट, साध्या चोकवर 280. वायर जाड लागत नाही, वेगळी लागते.

बटणं किमान दोन करा: एक दाराशी, गाडीकडच्या पट्टीसाठी, दुसरं बेंचच्या ओळीसाठी. नुसता स्क्रूड्रायव्हर घ्यायला आलात तर सहा ट्यूब कशाला?

पट्टीची भोकं छतावर धरून पेन्सिलने खुणा करा, काँक्रीट असेल तर 6 मिलिमीटरचं भोक पाडून गट्टी ठोका, लाकडी तुळई असेल तर थेट स्क्रू. प्रत्येक पट्टीला दोन टोकांशी एकेक असे दोन आधार. नुसत्या प्लास्टर बोर्डात स्क्रू घुसवू नका, चोकसकट पट्टी काही महिन्यांत लोंबते. फेज, न्यूट्रल आणि अर्थ पट्टीच्या कनेक्टरला जोडा. बटण फेजवरच असू द्या. ते न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही ट्यूब अंधारात मिणमिणत राहते आणि पट्टीत करंट असतो. वायरिंगला हात लावायची सवय नसेल तर ही एवढी पायरी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जागा मात्र तुम्हीच दाखवा, नाहीतर तो सवयीने मधोमध लावून जाईल.

बिघाड कसा ओळखायचा

ट्यूब फडफडते पण पेटत नाही: साध्या पट्टीत आधी स्टार्टर बदला, तो सर्वात स्वस्त भाग. तरी तेच असेल तर ट्यूब दुसऱ्या चालू पट्टीत लावून पाहा. तिथेही फडफडली तर ट्यूब गेली. फडफडती ट्यूब तशीच चालू ठेवू नका, चोक तापून जातो.

दोन्ही टोकं लाल पेटलेली, मध्ये अंधार: स्टार्टर आत चिकटला. तो काढला की ट्यूब पूर्ण पेटेल किंवा विझेल. दोन्हीतून एकच अर्थ निघतो, स्टार्टर नवा आणा.

टोकं काळी पडली: तारेवरचा लेप उडून काचेवर बसला. ट्यूब म्हातारी झाली. नवी ट्यूब महिन्याभरात काळी झाली तर दोष ट्यूबचा नाही, चोक चुकीच्या वॅटचा आहे. टी-8 आणि टी-12 दोघींच्या पिना सारख्याच, 13 मिलिमीटर अंतरावर असतात. होल्डरमध्ये बसली म्हणजे चोकला जुळली असं नसतं. चोकवरचा मजकूर वाचा.

दोन ट्यूबची पट्टी एकदम बंद: अनेक चोकवर दोन्ही ट्यूब एकामागे एक जोडलेल्या असतात. एक गेली की दुसरीही विझते. आधी पिना फिरवून नीट बसवा, मग एकेक ट्यूब बदलून पाहा.

नव्या ट्यूबमध्ये उजेड सापासारखा वळवळतो: घाबरू नका, दोन-चार तास चालू ठेवा, बहुधा बसतो.

गुणगुण: साधा चोक थोडा गुणगुणतोच. मोठा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा चोकचे स्क्रू सैल असतात आणि पत्रा वाजतो.

उजेड हळूहळू कमी झाला: आधी फडकं घ्या. भुशाचा थर ट्यूबवर आणि रिफ्लेक्टरवर बसतो आणि रोज बघणाऱ्याला कळत नाही. विझवून, थंड झाल्यावर, सुक्या फडक्याने पुसा. महिन्याकाठी एकदा पुरे.

फुटली तर, आणि पुढे काय

प्रत्येक ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, आजच्या टी-8 मध्ये काही मिलिग्रॅम. फुटली तर दार उघडा, दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, तो पारा हवेत उडवतो. झाडूही नको. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, फडकं ओलं करून पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. गेलेल्या ट्यूब अख्ख्याच ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

याच पाऱ्यामुळे ट्यूबचे दिवस मोजलेले आहेत. युरोपीय संघात नव्या टी-8 आणि टी-5 ट्यूब बाजारात आणणं ऑगस्ट 2023 पासून बंद झालं. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्येच ठरवलं की 7 ने सुरू होणाऱ्या जुन्या जातीच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2026 पर्यंत, आणि 8 वाल्या ट्यूबची 2027 पर्यंत थांबवायची. म्हणून आज पट्ट्या बसवत असाल तर त्याच खेपेत त्याच छटेच्या तीन-चार ट्यूब जादा आणून उभ्या ठेवा. चांगली ट्यूब 15,000 तासांच्या आसपास चालते. रोज दोन तासांनी ती वीस वर्षं होतात, म्हणून ढीग करायची गरज नाही.

ट्यूब मिळेनाशा झाल्या तरी पट्ट्या वाया जात नाहीत, त्यांच्यात एलईडी ट्यूब बसते. मात्र ती घेताना आपल्या चोकचा प्रकार सांगून घ्या. साध्या चोकच्या पट्टीत जुना स्टार्टर काढून एलईडी ट्यूबसोबत येणारा खास स्टार्टर लावायचा असतो. जुनाच ठेवला तर काम करणार नाही. इलेक्ट्रॉनिक चोकवर फक्त त्यासाठीच बनवलेली एलईडी ट्यूब चालते, नाहीतर चोक काढून वीज थेट होल्डरला द्यावी लागते. एलईडी ट्यूब उजेड एकाच बाजूला टाकते, छताकडे फारसा जात नाही. त्यामुळे कामाच्या जागी ल्युमेन कमी असूनही भागतं, पण छत काळोखं दिसतं आणि सावल्या थोड्या ठळक होतात.

चोक काढून थेट जोडणी केली तर पट्टीच्या पत्र्यावर, होल्डरच्या शेजारी, न पुसणाऱ्या पेनने लिहून ठेवा: "चोक नाही, फक्त एलईडी ट्यूब." काही वर्षांनी कुणीतरी माळ्यावरची जुनी ट्यूब त्यात घालेल, आणि चोक नसलेल्या पट्टीत साधी ट्यूब घातली की करंट रोखायला काहीच उरत नाही.